त्रेपन्न डोकी

सोनपेठ, २४ नोव्हेंबर २०२५

राजेश्री मॅडम,

नमस्कार. एका गंभीर अन्यायाची दाद मागायला हे पत्र लिहितो आहे. आपल्या शाळेच्या शिक्षक हजेरीपटाला बांधलेल्या पेनाची दोरी चार बोटं कमी झाली आहे.

आधीचं पेन कुणीतरी दोरीसकट नेलं. बन्सीधरनं नवं बांधलं, पण सुतळीत काटकसर केली. हुद्द्यानं तो शिपाई असला तरी सुतळी, खडू आणि कुलपं यांचा मालक तोच, हे तुम्ही अकरा वर्षं पाहिलं आहे. परिणाम असा की आता सही करायची तर कमरेत वाकावं लागतं. बावन्न वर्षांच्या, मणक्याला पट्टा बांधलेल्या मराठीच्या शिक्षकानं रोज सकाळी एका पेनापुढं मुजरा करायचा. मी लेखी तक्रार दिली. मुख्याध्यापक दत्तराव सरांनी ती दोनदा वाचली, भाषा आवडल्याचं सांगितलं आणि बन्सीधरला बोलावलं. तो म्हणाला, "वाकल्यानं माणूस झिजतंय का सर? देवापुढं वाकताव की." तक्रार निकाली.

वर्षभर पत्र नाही, फोन नाही, आणि आज सुतळीवरून इतका मजकूर. पालममध्ये भावाच्या ओसरीवर बसून तुमच्या कपाळाला पडलेली आठी मला इथून दिसते आहे.

खरं काम असं. येत्या दहा जानेवारीला पाचवी ते सातवीची सहल जायची आहे. पुन्हा लोणारलाच, कारण मग गेल्या सालच्या अर्जातली फक्त तारीख बदलावी लागते. संस्थेनं या खेपेला 'सहल देखरेख समिती' नेमली आहे आणि तिचा प्रमुख मी आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण तुम्हाला आठवली असेल तर मनातच ठेवा. मी ती सातवीला शिकवतो.

गेल्या साली तुम्ही देखरेखीचा चार पानांचा आराखडा केला होता. दत्तराव सर एका पानापलीकडं वाचत नाहीत, म्हणून मी तो संपादित करून एका पानात बसवला. मूळ चार पानं तुमच्याकडं असतील तर पाठवाल का? माझ्याकडं माझं एक पान आहे. त्याची भाषा फार सुंदर आहे आणि त्यात काहीही नाही.

आपला,
चंद्रभान


सोनपेठ, ५ डिसेंबर

मॅडम,

उत्तर नाही. बरोबरच आहे. ज्यांनी निलंबित केलं त्यांच्याच सहलीची काळजी निलंबित बाईनं वाहावी, ही अपेक्षा फक्त आपल्या स्टाफरूममध्येच जन्माला येऊ शकते.

समितीची पहिली बैठक झाली. अकरा जण हजर. मी विचारलं, देखरेखीला नाव कोण देतं? अकराच्या अकरा हात वर. मग विचारलं, गाडीत कोण बसतं? अकराच्या अकरा हात खाली. एकाची शुगर निघाली, एकाची सासू निघाली, एकाची तूर काढायला आलेली निघाली. दत्तराव सर म्हणाले, "नावं तर लिहून घ्या चंद्रभानराव. जायचं त्या दिवशी बघू."

ही आपली रीत. आपल्याकडं देखरेख सहीनं होते. माणूस घरी राहतो. सही पहाटे पाचला गाडीत बसते, लोणारचं सरोवर बघते, लेकरांची रांग लावते, त्यांना पाणी पाजते आणि रात्री सुखरूप परत येते. सहीला थंडी वाजत नाही, सहीला मध्येच लघवीला लागत नाही. गेल्या साली कागदावर चार मोठी माणसं होती: दत्तराव सर, क्रीडाशिक्षक, मी आणि तुम्ही. गाडीत तुम्ही एकट्या. त्रेपन्न लेकरांमागं एक बाई. मला त्या दिवशी ताप होता, हे तुम्हाला माहीत आहेच.

पुढचं सगळं चौकशीच्या अहवालात आहे. तो अहवाल मीच लिहिला, कारण शाळेत शुद्ध मराठी मलाच येतं असा समज आहे. 'परतीच्या प्रवासात सायंकाळी सव्वासहा वाजता बस देवगाव फाटा येथे चहापाण्यासाठी थांबली. निघताना सदर शिक्षिकेने विद्यार्थ्यांची गणना केली. तथापि इयत्ता पाचवीतील कु. रुद्राणी ही विद्यार्थिनी फाट्यावरच राहिली. रात्री बस सोनपेठ येथे पोहोचून पालकांनी विचारणा करेपर्यंत ही बाब सदर शिक्षिकेच्या ध्यानात आली नाही. गणनेत हयगय झाल्याचे सकृद्दर्शनी दिसते.'

'हयगय' हा शब्द माझा. चौकशी समितीनं नुसतं 'चूक' म्हटलं होतं. मला चूक हा शब्द फार हलका वाटला. हयगयीला वजन असतं. त्या वजनाखाली तुम्ही गेलात.

शेवटची सुनावणी तीन जानेवारीला लागली आहे. नोटीस मिळाली असेल, तिचाही मसुदा माझाच. तुमची नोकरी राहायची की जायची ते त्या दिवशी ठरायचं आहे. दत्तराव सर म्हणतात, ठरलेलंच आहे, फक्त लिहायचं राहिलं आहे. ते लिहायचं कामही माझ्याकडंच येईल.

चंद्रभान


सोनपेठ, १४ डिसेंबर

मॅडम,

चार पानं मिळाली. सोबत चिठ्ठी नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं 'पालम'. लोक एवढंही लिहीत नाहीत, म्हणून आभार.

काल दिवसभर वाचत होतो. दर दहा लेकरांमागं एक मोठं माणूस, आणि त्या माणसाला ती दहा लेकरं नावानं पाठ. मुलींसोबत आडोशाला जाताना एक बाई, आणि परत येताना तीच बाई. प्रत्येक थांब्यावर नाव घेऊन हजेरी. यादीबाहेरचं एकही लेकरू गाडीत घ्यायचं नाही, मग ते कुणाचंही असो. गाडीत सगळ्यात शेवटी मोठ्या माणसानं चढायचं, खाली कुणी राहिलं नाही हे बघून. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी: 'लेकरांच्या गळ्यातल्या कार्डावर शाळेचा फोन लिहू नये. सुट्टीच्या दिवशी तो कुलूपबंद खोलीत वाजतो.'

हे शेवटचं मी 'अनावश्यक तपशील' असा शेरा मारून छाटलं होतं. पेन्सिलीची खूण अजून आहे. फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या नर्मदाबाईनं त्या संध्याकाळी कार्डावरचा नंबर नऊ वेळा लावला. नऊ वेळा तो आपल्या ऑफिसात वाजला. ऐकायला फक्त भिंतीवरचे थोर पुरुष होते.

तुमची पानं समोर असताना एक दुरुस्ती करणं भाग आहे. मला ताप नव्हता. दत्तराव सर, क्रीडाशिक्षक आणि मी, आम्ही तिघं त्या दिवशी गंगाखेडच्या शिवारात संस्थेच्या सचिवांच्या शेतावर हुरडा खायला गेलो होतो. सचिवांचं बोलावणं होतं. नाही म्हणता आलं असतं, पण दही फार चांगलं होतं. कागदावरचे तीन देखरेख करणारे आगटीभोवती बसून कणसांवर देखरेख करत होते, आणि ती चोख होती. एक दाणा करपला नाही.

रुद्राणी आता सहावीत आहे, माझ्या वर्गात. हजेरीला नाव घेतलं की उभी राहते, मोठ्यानं 'हजर' म्हणते, आणि मी मान वर करून तिच्याकडं बघेपर्यंत खाली बसत नाही. मी पूर्वी पटात डोकं घालूनच नावं घ्यायचो. एकदा पुढची नऊ नावं झाली तरी ती उभीच. लेकरं हसली. ती हसली नाही, बसलीही नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नावाला मान वर करतो. मणका त्यानंही दुखतो, पण त्याबद्दल लेखी तक्रार केलेली नाही.

तिचे वडील बसप्पा, बाजारात भांड्यांचं दुकान आहे ते, रोज तिला पायी आणून सोडतात. ती गाडीत बसत नाही. बापाच्या स्वतःच्या टेम्पोतसुद्धा नाही.

आणि ऑफिसच्या कपाटात एक तपकिरी शाल आहे. नर्मदाबाईची. बसप्पा रात्री साडेदहाला टेम्पो घेऊन फाट्यावर पोचले तेव्हा लेकरू चुलीपाशी ती शाल पांघरून बसलं होतं. तसंच उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती दत्तराव सरांच्या टेबलावर आणून ठेवली, बघा म्हणून. सरांनी ती 'पुरावा' म्हणून ठेवून घेतली. चिठ्ठी मी लिहिली, 'वस्तू क्रमांक एक'. वर्ष झालं, कपाट उघडलं की अजून धुराचा वास येतो. जिची शाल आहे तिला थंडी वाजते का, हा मुद्दा चौकशीच्या कक्षेत बसत नाही.

चंद्रभान


सोनपेठ, २१ डिसेंबर

मॅडम,

तुमचं पोस्टकार्ड आलं. बन्सीधरनं वाचूनच दिलं, तो पोस्टकार्डाचा हक्कच समजतो.

'सर, बाकी सगळं राहू द्या. मी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा त्रेपन्न भरले. एक लेकरू खाली असताना त्रेपन्न कसे भरले, एवढंच सांगा.'

काय सांगू? गाडीतला दिवा बंद होता. यादी वाचता येत नव्हती. दिवसभर तुम्ही नावं घेऊन हजेरी घेतलीत, फक्त त्या एका थांब्यावर अंधार पडला, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, म्हणून तुम्ही एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलंत. अंधारात एखादं डोकं दोनदा मोजलं जातं. माणूस पहाटे चारपासून उभं असतं. थकवा येतो. तीनदाही येऊ शकतो.

परवा गंगाखेडच्या स्टँडवर तुमचे भाऊ भेटले. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. बिचारे चांगले आहेत, त्यांना कुणावर रागवायचं हे अजून ठरवता आलेलं नाही. मी विचारलं, मॅडम कशा आहेत? ते म्हणाले, "ताई सारखं मोजायलीय सर. टोपल्यातल्या भाकरी मोजती, जिन्याच्या पायऱ्या मोजती. शिकवणीला सात लेकरं येत्यात, ती घरी पाठवायची तर तीनदा मोजती. आन् मोजून झाल्यावर बी दारात उभी राहती. म्हणती, माझ्या मोजण्याचा काय भरवसा."

मी त्यांना चहा पाजला. त्यांची गाडी लागली, माझी लागली.

हे पत्र इथंच संपवतो. मणका दुखतो आहे.

चंद्रभान


सोनपेठ, २७ डिसेंबर

मॅडम,

आज वर्ष झालं.

तुमची मोजणी बरोबर होती. त्या वेळी गाडीत त्रेपन्न लेकरंच होती. त्यातलं एक माझं होतं.

माझी लेक अर्पिता परभणीला मामाकडं राहून इंग्रजी शाळेत शिकते. मराठीच्या शिक्षकाची लेक, हा विनोद माझ्या पाठीमागं सगळे करून झालेत, तुम्ही तेवढा केला नव्हता. तिला नाताळची सुट्टी होती. आपल्या शाळेची लेकरं लोणारला चाललीत हे तिला शेजारच्या पोरीकडून कळलं आणि तिनं दोन दिवस धोशा लावला. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. यादीबाहेरचं लेकरू नको, हे तुम्ही बैठकीत माझ्यासमोर बोललात. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतिवृत्तात ते वाक्य मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग ज्यानं लिहिलं त्यानंच विचारायचं कसं? नकार ऐकायची लाज वाटली. म्हणून विचारलंच नाही.

पहाटे बन्सीधरला सांगितलं. तो म्हणाला, "एका लेकरानं गाडी जड होती का सर?" शेजारच्या पोरीचा जुना गणवेश, त्यावर स्वेटर, हिरवी माकडटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. बन्सीधरनं तिला मागच्या दारानं चढवून मागून दुसऱ्या सीटवर खिडकीशी बसवलं. मी तिला बजावलं होतं: बाई नावं घेतील तेव्हा गप बसायचं, आणि घोळक्यात राहायचं. गुणी लेकरू, दिवसभर तसंच केलं. ती पाचवीच्या लेकरांएवढी, आणि तुम्ही पाचवीला शिकवत नव्हता, तुम्हाला ती नवी कशी दिसणार? आणि दुसरं मोठं माणूस गाडीत नव्हतं, जे म्हणालं असतं की ही कुणाची.

दिवसभर तुम्ही नावं घेतलीत, तोवर ती मोजणीत आलीच नाही. फाट्यावर तुम्ही डोकी मोजलीत. यादीतलं लेकरू हॉटेलामागच्या तुरीच्या रानातून परत येत होतं, आणि यादीबाहेरचं लेकरू त्याच्या जागेवर मोजलं गेलं. तीनदा मोजा, तीनशे वेळा मोजा, त्रेपन्नच भरणार.

रात्री गाडी आली तेव्हा मी स्टँडवर होतो, पाण्याच्या टाकीमागं अंधारात उभा. हुरड्याहून परतलो होतो. अर्पिता उतरली, मी तिचा हात धरला आणि गर्दीच्या मागून निघालो. तेवढ्यात बसप्पांचा आवाज आला, "बाई, माझी कुठंय?" मी मागं वळलो नाही. मला वाटलं, असेल आत, झोपली असेल.

घरी जेवताना अर्पिता म्हणाली, "पप्पा, त्या मॅडमनी अंधारात माझ्या डोक्यावर तीनदा हात ठेवला."

तोवर रुद्राणी फाट्यावर राहिल्याची बातमी गल्लीत आली होती. घास हातात होता. त्याच क्षणी मला सगळं कळलं, मॅडम. तुम्हाला जे वर्षभर कळलं नाही ते मला एका वाक्यात कळलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं अर्पिताला परभणीला पोचवलं आणि वाटेत सांगितलं, तू लोणारला गेलीच नव्हतीस. लेकरू हुशार आहे. त्यानंतर तिनं लोणारचं नाव काढलेलं नाही. माझ्याशीही कामापुरतंच बोलते.

बन्सीधर गप राहिला, कारण त्याचीही नोकरी होती. मी गप राहिलो, आणि आठ दिवसांनी बसून 'हयगय' लिहिलं.

माफी मागत नाही. माफीचा मसुदा मला फार चांगला जमतो, म्हणूनच मागत नाही. तीन तारखेला हे सगळं चौकशी समितीपुढं लेखी देणार आहे. तुम्ही या. नाही आलात तरी देईन, पण या.

आणि भाकरी मोजणं सोडा. तुम्हाला मोजता येतं.

चंद्रभान


सोनपेठ, ११ जानेवारी २०२६

मॅडम,

सुनावणीला तुम्ही होता, पण मी वाचून झाल्यावर उठून व्हरांड्यात गेलात. त्यानंतरचं सांगतो. सचिव म्हणाले, "हे सगळं मिटत आलं होतं. आताच कशाला सांगायलाव?" मी म्हणालो, मिटत आलं होतं म्हणूनच. दत्तराव सर खिडकीबाहेर बघत होते. बयानावर सही करायला पेन मागितलं, तर बन्सीधरनं हजेरीपटच उचलून आणला, दुसरं पेन ऑफिसात नव्हतं. मी वाकलो. त्या दिवशी सुतळीचं माप बरोबर वाटलं.

व्हरांड्यात तुम्ही मला काहीतरी बोलाल म्हणून मी तयारी करून आलो होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "हिरव्या टोपीतली का?"

मी हो म्हणालो.

"तिची खिडकी लागत नव्हती. कुडकुडत होती. मीच लावून दिली," म्हणालात, आणि पालमची गाडी धरायला निघालात. शिवी दिली असती तर ती कुठं ठेवायची ते मला कळलं असतं.

अहवालातली 'हयगय' काढून तिथं 'प्रशासकीय त्रुटी' घातली आहे. या खेपेला मसुदा दुसऱ्यानं केला, त्यामुळं शुद्धलेखन भयंकर आहे, पण मजकूर बरा आहे. तुम्हाला रुजू करून घेण्याचं पत्र निघेल म्हणतात. हातात पडेपर्यंत विश्वास ठेवू नका. यायचं की नाही ते तुम्ही बघा. मी तुमच्या जागी असतो तर आलो नसतो, पण माझ्यावरून तुम्ही काही ठरवावं असं माझ्यात काय आहे?

माझं निलंबन ठरलं. सोमवारपासून. लगेच का नाही, तर मध्ये शनिवारी सहल होती आणि गाडीत बसायला स्टाफमधून दुसरं कुणी तयार नव्हतं. म्हणजे ज्याच्यावर लेकरं सोपवायला नकोत असा ठराव झाला, त्याच्यावर आणखी एकदा लेकरं सोपवायची आणि मग ठराव लागू करायचा. आपल्या संस्थेचं बोधवाक्य बदलायला हवं असं मी नेहमी म्हणायचो, आता सुचलं आहे.

काल ती सहल झाली. सत्तेचाळीस लेकरं, पाच मोठी माणसं. सह्या एकाच्याही नाहीत, कारण मी कागदच केला नाही. तुमची चार पानं घेऊन गल्लोगल्ली फिरलो. तीन आया तयार झाल्या. त्यातल्या एकीनं पानं हातातही घेतली नाहीत, म्हणाली, "कागद काय दावताव सर, लेकरं दावा. माझी दहा कोणची?" दोन दिवस शाळेत येऊन तिनं दहाच्या दहा नावं पाठ केली, कुणाला गाडी लागते तेही विचारून घेतलं.

पाचवं माणूस हवं होतं. बसप्पांच्या दुकानावर जाऊन त्यांना सगळं सांगितलं. अर्पिताचं, टोपीचं, टाकीमागं उभा होतो त्याचं. ते पातेल्यावर नाव घालत होते. मशीन बंद केलं. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी परत पाठवलं. मला वाटलं, आता पातेलं येतं अंगावर.

"माझी येत न्हाई सर," ते म्हणाले. "पण मी येतो. तुमच्यावर सोडून कसं भागंल?"

आले. माझ्याशी दिवसभरात चार वाक्यं बोलले, चारही लेकरांबद्दल.

लोणारचं काही लिहीत नाही. मी सरोवर पाहिलंच नाही, माझी सात लेकरं पाहत होतो. परतताना देवगाव फाट्यावर थांबलो. दिवस बुडायला आला होता. मुलींसोबत आया गेल्या, आयाच घेऊन आल्या. मग गाडीपाशी पाच जणांनी पाच ठिकाणी उभं राहून नावं घेतली. प्रत्येक नावाला मान वर. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तर बसप्पा जाऊन त्याच्याशेजारी बसले. नुसते बसले. हॉर्न थांबला.

मग मी पिशवीतली शाल काढून नर्मदाबाईच्या हॉटेलात गेलो. सुनावणी झाल्यावर कपाटातून काढली होती. घरी धुतली, इस्त्री करायला धीर झाला नाही, घडी तेवढी घातली. 'वस्तू क्रमांक एक'ची चिठ्ठी काढून टाकली होती, पण टाचणीची दोन भोकं राहिली आहेत.

बाई थकलेली आहे, डोळ्यानं अधू वाटली. गेल्या सालची सगळी हकिगत तिला आठवत होती, फक्त शाल परत येईल असं वाटलं नव्हतं. तिनं हात फिरवून बघितलं. म्हणाली, "धुतली व्हय. मला वाटलं हारपली. पोरगी बरी हाय का?"

मी म्हणालो, शाळेत येते. हजेरीला मोठ्यानं ओ देते.

"तुमी कोण तिचे?"

मी म्हणालो, त्या दिवशी तिच्यासोबत असायला हवा होता, तो मी.

तिनं माझ्याकडं जरा बघितलं. मग शाल खांद्यावर टाकली आणि दूध उतू जायला आलं होतं तिकडं वळली. मला चहा विचारला नाही.

हॉटेलामागं जाऊन तुरीच्या कडेनं एक चक्कर मारली. कुणी नव्हतं. गाडीत सगळे बसले होते. मी शेवटी चढलो.

चंद्रभान